फुकट नव्हे, मोकळा

परवाना हा शब्द ऐकताच मागच्या पिढीला सरकारी कचेरीतील फायली, शिफारसपत्रे आणि १९९१ पूर्वीचे नियंत्रणांचे राज्य आठवते. तो परवाना दुर्मिळ होता आणि तो देणारा हात सरकारचा होता. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा परवाना अगदी निराळ्या जातीचा आहे. त्यासाठी रांग लावावी लागत नाही, बहुधा पैसेही पडत नाहीत. प्रोग्रॅमबरोबर एका फाइलीच्या रूपाने तो आपोआप येतो, आणि कदाचित म्हणूनच न वाचता राहतो.

या न वाचलेल्या परवान्याचे एक उदाहरण मुद्दाम तपासण्याजोगे आहे. ट्रॉम्बे, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यातील अभियांत्रिकीचे आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी सुटे भाग आणण्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठतात. (कागदोपत्री तो रस्ता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. दुकानदाराला ते नाव सांगितले तर तो क्षणभर थबकतो.) तेथे दोन-तीनशे रुपयांत ‘यूएसबीएएसपी’ नावाची काडेपेटीएवढी पट्टी मिळते. मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एकाच चिपवर सामावलेल्या चिमुकल्या संगणकात, प्रोग्रॅम भरण्याचे काम ती करते. तिच्यावरची एटीमेगा-८ ही चिप मूळची ॲटमेल कंपनीची. ती कंपनी २०१६ साली मायक्रोचिपने विकत घेतली. गंमत अशी की या चिपमध्ये यूएसबीची सोयच नाही. तरीही ती पट्टी संगणकाच्या यूएसबी खाचेत बसते आणि बोलू लागते.

हे बोलणे शक्य होते ते व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीने लिहिलेल्या ‘व्ही-यूएसबी’ या प्रोग्रॅममुळे. एरवी यूएसबीसाठी चिपच्या पोटात स्वतंत्र सर्किट असावे लागते. येथे ते काम निव्वळ आज्ञावलीने केले आहे. यूएसबीच्या सर्वांत संथ प्रकारातही सेकंदाला पंधरा लाख बिट धावतात. चिपचे घड्याळ १२ मेगाहर्ट्झचे असेल तर एका बिटाच्या वाट्याला बरोबर आठ ठोके येतात. केरव्याच्या एका आवर्तनाएवढ्या या आठ मात्रांत बिट वाचायचा, जागेवर ठेवायचा आणि पुढच्या बिटासाठी सज्ज व्हायचे. एक मात्रा चुकली की सगळा ठेका बिघडला. या घाईत आलेल्या मजकुराची चूक-तपासणी करायला सवड उरत नाही, म्हणून ती सोडून दिली आहे. काटेकोर मानकाच्या दृष्टीने ही उणीव खरी, परंतु दोन हजार बाइटांच्या स्मृतीतही मावणारे हे काम पाहून कारागिरीला दाद द्यावीच लागते.

आता परवान्याकडे वळू. कंपनीने या प्रोग्रॅमला दोन दारे ठेवली. पहिले दार जीएनयू सार्वजनिक परवान्याचे. तेथून शिरणाऱ्याने एक पैसाही द्यायचा नाही. मात्र त्याने आपले उपकरण दुसऱ्याच्या हाती दिले, तर त्यातील स्वतःच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही त्याच अटींवर द्यायचा. दुसरे दार व्यापारी परवान्याचे. ज्याला आपले गुपित राखायचे असेल त्याने रोख मोजावी. एकाच वस्तूची दोन गिऱ्हाइकांना दोन किमती सांगणे यास अर्थशास्त्रात किंमतभेद म्हणतात आणि तो मक्तेदाराचा दुर्गुण मानला जातो. येथे मात्र त्याचे रूप पालटले आहे. प्रोग्रॅमची आणखी एक प्रत काढण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असल्यामुळे कंपनीने नाण्याऐवजी वस्तुरूपाने मोबदला स्वीकारला. आपल्या गावगाड्यात सुताराला फाळ-नांगराचे पैसे हातोहात मिळत नसत. खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. पहिल्या दाराने शिरणाऱ्याकडून कंपनी मागते ते असे बलुतेच आहे. जो ते देत नाही त्याने फुकट घेतले असे म्हणता येणार नाही. त्याने बलुते बुडवले.

वास्तविक खरा महाग माल निराळाच आहे. प्रत्येक यूएसबी उपकरणाला उत्पादकाचा एक क्रमांक लागतो. असे क्रमांक एकूण ६५,५३६च असू शकतात, आणि ते वाटणारी अमेरिकेतील संस्था एका क्रमांकासाठी काही हजार डॉलर आकारते. पन्नास नग विकणाऱ्या होतकरू तरुणाला ही रक्कम चिपांच्या एकूण खर्चाहून जड होते. एक आकडा, ज्याला बनवायला काही लागत नाही, तो त्याच्या सगळ्या मालाहून महाग! व्हिएन्नाच्या कंपनीने यावर तोड म्हणून ५८२४ या क्रमांकाखालचे काही उपक्रमांक सर्वांना सामाईक वापरू दिले. अट एवढीच की उपकरणाने आपले वेगळे नाव आणि कर्त्याचा पत्ता आतून सांगावा, म्हणजे दोघांची उपकरणे एकमेकांत मिसळणार नाहीत. एका क्रमांकावर अनेकांनी नांदायचे तर नावनिशी नीट हवी. चाळीतल्या सामाईक नळाचे नियम ज्यांनी पाळले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

ट्रॉम्ब्याला हा प्रश्न परका नाही. येथील अणुसंशोधन केंद्रात वाढलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातूनच १९६७ साली हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. तेव्हा ज्ञान एका सरकारी छपराखालून दुसऱ्या सरकारी छपराखाली गेले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘निसर्गऋण’ या जैववायू संयंत्रासारखी तंत्रे शुल्क घेऊन, करार करून बाहेरच्या उद्योजकांना दिली. तो परवाना पैशांचा आहे आणि त्यात गैर काहीच नाही. तेथून फार दूर नसलेल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मात्र मुक्त सॉफ्टवेअरचा विचार रुजला. या दोन शेजाऱ्यांचे मार्ग भिन्न असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: अटी लिहिलेल्या असतात आणि त्या बंधनकारक असतात.

आपल्याकडे नेमके हेच विसरले जाते. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीच्या पंक्तीत बसला. मोकळा परवाना हा त्या हक्काचा त्याग नव्हे. त्या हक्काच्या बळावरच घातलेली ती अट आहे. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली जीएनयू परवान्याच्या अटी मोडणाऱ्या एका कंपनीविरुद्ध निकाल दिला तो याच आधारावर. प्रयोगशाळेत शिकण्यासाठी वापरणाऱ्यावर कोणतेही ओझे नाही, हेही सांगितले पाहिजे. अडचण सुरू होते ती शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बरा वठतो आणि एखादा कारखानदार ‘असे शंभर नग करून द्या’ म्हणतो तेव्हा. त्या क्षणी विद्यार्थी विक्रेता होतो आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये कोणाकोणाचे बलुते थकले आहे हे त्यालाच ठाऊक नसते. कारखानदाराचा वकील मात्र ते शोधू शकतो.

आता यूएसबीचे सर्किट पोटात असलेल्या चिपा स्वस्त झाल्या आहेत. २०२१ साली आलेली रास्पबेरी पायची आरपी-२०४० ही चिप एका डॉलरच्या आसपास मिळू लागली. त्यामुळे आठ मात्रांची ती कसरत हळूहळू अनावश्यक होत जाईल. परंतु नव्या चिपेबरोबरही उसन्या प्रोग्रॅमांचा ढीग येतोच, आणि प्रत्येकाच्या कपाळावर परवान्याची फाइल असते. प्रकल्प-अहवालात सुट्या भागांच्या किमतींचा तक्ता असतो आणि रोधकांचे चार रुपयेदेखील त्यात प्रामाणिकपणे मांडलेले असतात. त्याच तक्त्यात उसन्या प्रोग्रॅमचे नाव, कर्ता आणि परवाना यांचा एक रकाना वाढवण्यास विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. विभागप्रमुखाची एक सूचना पुरेल, आणि तोंडी परीक्षेत त्या रकान्यावर एक प्रश्न.