प्रकाशाचा सांधा

इंटरनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली अशी नोंद ज्या गावांची सरकारी दप्तरात झाली आहे, तेथील किती घरांनी ती प्रत्यक्ष आपल्या उंबरठ्याच्या आत घेतली, हे पाहून यावे असे संपादकांनी सुचविले. आणि त्या निमित्ताने भोर तालुक्यातील घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उकरलेल्या खड्ड्याच्या काठी बसून काचेचे तंतू सांधणाऱ्या एका कारागिराचे काम पाहण्याचा योग आला.

योजनेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या तजविजीला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2011 च्या ऑक्टोबरात मंजुरी दिली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. 2017 च्या अखेरीस पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम पुरे झाल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने आपल्या हद्दीतील काम महानेट या नावाने स्वतःच्या शिरावर घेतले.

परंतु हा सारा विस्तार ज्या क्रियेवर अवलंबून आहे, ती क्रिया एका लहानशा पेटीत घडते. तंतूची जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा, आणि त्याच्या गर्भातील ज्या मार्गाने प्रकाश धावतो तो तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही अरुंद. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने कारागीर एकेक तंतू उचलतो, वरचे रंगीत आवरण सोलतो, अल्कोहोलने तो पुसतो, क्लीव्हरने त्याचे टोक काटकोनात छेदतो आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दुसऱ्या टोकासमोर ठेवतो. यंत्र दोन्ही टोके पडद्यावर मोठी करून दाखवते, स्वतःच त्यांना एका रेषेत आणते, आणि क्षणभराच्या विद्युत्-ज्योतीने काच वितळून दोहोंचे एक होते. मग पडद्यावर उमटतो तो प्रकाशाच्या घटीचा अंदाज. तो डेसिबलच्या दोन-तीन शतांशांत असला म्हणजे कारागीर समाधानाने सांध्यावर संरक्षक नळी चढवतो. जास्त असला तर तंतू पुन्हा छाटून सारा विधी आरंभापासून करतो. "एका जॉइंटचं काही वाटत नाही साहेब, पण पुढं असे पंधरा असतात," तो म्हणाला. देखरेखीस कोणी नसताना पाळल्या जाणाऱ्या या कसोशीबद्दल मला अपार आदर वाटला.

मात्र ही कसोशी जेथे संपते तेथूनच खऱ्या अडचणी सुरू होतात. तारेची नळी सुमारे दीड मीटरहून खोल जावी असा दंडक असला, तरी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात तो सर्वत्र पाळणे कठीण जाते. रस्ता रुंद करताना किंवा पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा दात लागतो आणि तार तुटते. मूळ रचना एकमार्गी असल्याने एका तुटीसरशी पुढची सारी गावे बंद पडतात. तूट किती अंतरावर आहे हे ओटीडीआर यंत्र सांगते. पण तेथवर जाणारा माणूस, त्याचे वाहन आणि त्याचा मेहनताना यांची तरतूद यंत्राला करता येत नाही. त्यात वीज गेली आणि बॅटरी निकामी असली, की पंचायतीच्या कचेरीतील इंटरनेटची पेटी मुकी होते.

अशा जोडणीसाठी दरमहा पैसे मोजावेत असे शेतमजुराच्या घराला का वाटावे? 2024 च्या अखेरीस देशात सुमारे 94 कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते. त्यांत तारेवरचे जेमतेम चार कोटी. बाकीचा सारा भार मोबाइलच्या रिचार्जवर. एका मोबाइलवर मुलीचा अभ्यास, बापाचे बाजारभाव आणि आजीचा परगावच्या लेकाशी संवाद उरकणाऱ्या घराला तारेची गरज नाही असे मुळीच नाही. पण सलग आठवडाभर बंद राहणाऱ्या सेवेवर त्याने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत 1,39,579 कोटी रुपयांची तरतूद, एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालणारी वर्तुळाकार रचना आणि दीड कोटी ग्रामीण घरांचे लक्ष्य आहे. दिशा योग्य आहे. मात्र यशाचे माप अंथरलेल्या किलोमीटरांत न घेता चालू असलेल्या घरगुती जोडण्यांत घेतले पाहिजे, आणि दर काही गावांमागे असा एक प्रशिक्षित, नियमित वेतनाचा कारागीर नेमला पाहिजे. वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची तार गेल्या महिन्यात किती दिवस चालू होती, एवढा एक प्रश्न लेखी विचारा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.