कणसातला दाणा भरतो कसा?

पावसाळ्यात रस्त्यावरच्या शेगडीवर भाजायला दिलेले कणीस सोलले, की कधी टोकाकडे, कधी मध्येच काही जागा रिकाम्या दिसतात. कीड लागली असेल, असे अनेकांना वाटते. कधी तेही खरे असते. पण पुष्कळदा त्या जागी दाणा धरलेलाच नसतो.

सोलताना आपण फेकून देतो ते कणसाचे केस इथे महत्त्वाचे. एकेक केस म्हणजे एकेका होऊ घातलेल्या दाण्याकडे जाणारी वाट. तुऱ्यातला परागकण केसावर पडतो, त्यातून नलिका फुटते आणि वीतभर अंतर साधारण एका दिवसात कापून ती आत पोहोचते. ऐन फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला, तर केस उशिरा बाहेर येतात किंवा सुकतात. तोवर तुऱ्यातला पराग संपत आलेला असतो. जितके केस हुकले, तितके दाणे गेले.

नलिका पोहोचते ती जागा म्हणजे भ्रूणकोष. बहुतेक फुलझाडांत या सूक्ष्म पिशवीत पेशी सात, पण केंद्रके आठ असतात. दाराशी अंडपेशी आणि तिला लागून दोन सहाय्यक पेशी. विरुद्ध टोकाला तीन प्रतिध्रुवीय पेशी. मक्यात त्यांचीच संख्या वाढून वीसच्याही पुढे जाते. उरलेली जागा व्यापणारी एक मोठी मध्यवर्ती पेशी. तिच्यात केंद्रके दोन, म्हणून हिशेब आठचा.

‘सहाय्यक’ हे नाव तसे अन्यायाचेच आहे. परागनलिकेला वाट दाखवणारी रसायने याच पेशी सोडतात. जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया हिगाशियामा यांनी २००१ मध्ये टोरेनिया या फुलझाडात ते दाखवून दिले. या झाडाचा भ्रूणकोष बीजांडातून थोडा बाहेर डोकावतो, त्यामुळे लेसरने एकेक पेशी नष्ट करून पाहता आली. दोन्ही सहाय्यक पेशी गेल्यावर नलिका तिकडे वळेनाशा झाल्या.

नलिका दोन शुक्रपेशी घेऊन येते. माणसात एका शुक्रपेशीने अंडपेशी फलित केली, की काम संपले. इथे दुसरीलाही काम असते. पहिली अंडपेशीशी मिळते आणि अंकुर तयार होतो. दुसरी मध्यवर्ती पेशीच्या दोन केंद्रकांशी मिळते आणि भ्रूणपोष, म्हणजे अंकुराची शिदोरी, तयार होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत हे दुहेरी फलन पाहिले. पांढऱ्या मक्याच्या कणसात मध्येच पिवळे दाणे का येतात, हे कोडेही त्याने सुटले. शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग उडून आलेला असतो आणि त्याचा रंग थेट भ्रूणपोषात उतरतो.

मक्याचा दाणा रात्रभर भिजवून उभा कापला, तर दोन्ही फलनांचे फळ डोळ्यांनी दिसते. एका बाजूला पाचरीसारखा फिकट अंकुर, बाकी सगळा भ्रूणपोष. भात, गहू, ज्वारी यांच्या दाण्यातही तीच मांडणी. म्हणजे आपले पोट भरते ते मुख्यतः त्या मध्यवर्ती पेशीच्या जिवावर.

भ्रूणपोषात पिष्ट भरपूर आणि काही प्रथिने. ब-१ जीवनसत्त्व, लोह आणि तेल मात्र जास्त करून अंकुरात व कोंड्यात असते. अंकुरातले तेल पिठाला लवकर खवट करते, म्हणून टिकाऊ पिठासाठी गिरणीत अंकुर काढून टाकतात. मैदा म्हणजे जवळपास निव्वळ भ्रूणपोष. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळही तसाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या असा तांदूळ खाऊन पायांनी लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर सावरल्या. बेरीबेरीचे कारण त्यातून उलगडत गेले आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल मिळाले. मधुमेह असलेल्यांना हातसडीचा तांदूळ आणि कोंडा न चाळलेली कणीक सुचवली जाते, तेव्हा पिष्टासोबत दाण्याचा हा उरलेला भागही पोटात जावा, हाच हेतू असतो.