साठीनंतरची धाव आणि घरातला एक तास

साठीपुढचं धावणं शरीराला झेपतं का, याचं उत्तर बरंचसं मिळालं आहे. त्या धावण्याला घरात जागा कशी करायची, हे मात्र प्रत्येक कुटुंबाला अजून ठरवायचं आहे.

मारिको युगेता या जपानी शिक्षिकेला तरुणपणीच मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण करायची होती. विशीत त्यांना ते जमलं नाही. पुढे शाळेतली व्यायामशिक्षिकेची नोकरी, चार मुलं आणि घरसंसार यांत ती इच्छा मागे पडली. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा कसून सराव सुरू केला आणि २०१७ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, पहिल्यांदा तीन तासांच्या आत शर्यत संपवली. २०१९ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यांनी २ तास ५९ मिनिटं १५ सेकंद अशी वेळ नोंदवली. साठीपुढच्या कोणत्याही स्त्रीने तोवर ४२.१९५ किलोमीटरचं अंतर तीन तासांच्या आत कापलं नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये ओसाकाला, ६२व्या वर्षी, त्यांनी हीच वेळ २ तास ५२ मिनिटं १३ सेकंदांवर आणली.

या हकिकतीत विक्रमाइतकीच मधली वर्षं महत्त्वाची आहेत. पाय तेच होते, इच्छाही तीच होती. नव्हता तो वेळ.

आपल्याकडेही आता हा प्रश्न घरोघरी येऊ लागला आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तर मुंबई मॅरेथॉन २००४ साली. पुण्याच्या पहिल्या शर्यतीत पंचविशीत धावलेला माणूस आज पासष्टीच्या पुढे आहे. मुंबईची पहिली मॅरेथॉन बघून चाळिशीत बूट विकत घेणाऱ्यांनीही साठी गाठली आहे. हौसेने धावणाऱ्या शहरी मराठी माणसांची एवढी मोठी पिढी धावता धावता म्हातारी होण्याची ही पहिलीच वेळ. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत, तळजाईच्या टेकडीवर, साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पहाटे पांढऱ्या केसांचे धावक दिसतात. या मंडळींच्या घरी कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या आई आहेत, कुणाच्या जोडीदाराला पार्किन्सन्स आहे, कुणाकडे नातवंडं दिवसभर असतात. पळून आल्यावर त्यांचा दिवस सुरू होतो, आणि तो मोठा असतो.

शरीरात काय बदलतं

आधी शरीराचं बघू. धावताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. आपण ज्याला 'दम' म्हणतो, त्याच्याशी याचा जवळचा संबंध आहे. तिशीनंतर ही क्षमता दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित आणि कसून व्यायाम करणाऱ्यांत ही घट बरीच हळू होते. थांबत मात्र नाही. म्हणून पन्नाशीतली वेळ पासष्टीत आली नाही, तर त्यात खंत करण्यासारखं काही नाही. ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात ते याचसाठी. 'एज ग्रेडिंग' नावाच्या पद्धतीत तर तुमची वेळ तुमच्याच वयाच्या सर्वोत्तम वेळेशी ताडून टक्केवारी काढतात. धावायची वेळ वाढली तरी ही टक्केवारी टिकून राहू शकते, कधी वाढतेही.

दुसरा बदल स्नायूंचा. साठीनंतर स्नायू झपाट्याने कमी होतात आणि नुसतं धावणं ही घट पुरेशी रोखत नाही. इथे बहुतेक ज्येष्ठ धावक कमी पडतात. आठवड्याला पाच दिवस पळतील, पण जोर-बैठका किंवा वजनं म्हटलं की नको म्हणतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांनुसार पासष्टीपुढच्या व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा. त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी आणि तीन दिवस तोल सांभाळण्यासाठी व्यायाम करावा. याला जिमच पाहिजे असं नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा-बारा वेळा उठणं, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करणं, दात घासताना ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं, एवढ्यापासून सुरुवात होते. टाचांचा व्यायाम तर धावणाऱ्याने टाळूच नये, कारण या वयात पोटरी आणि टाचेमागची शीर लवकर कुरकुरतात.

स्नायूंना प्रथिनंही लागतात. सकाळी चहा-पोहे, दुपारी भात, रात्री पोळी-भाजी अशा आपल्या नेहमीच्या शाकाहारी जेवणात ती अनेकदा कमी पडतात. पळून आल्यावर चहाबिस्किटांऐवजी मोडाची उसळ, धिरडं, दही, पनीर किंवा चालत असेल तर अंडी असावीत. शाकाहारी मंडळींनी बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

तिसरा बदल विश्रांतीचा. तरुणपणी आदल्या दिवशीचा जोराचा सराव दुसऱ्या दिवशी जाणवतही नाही. साठीनंतर पाय पुन्हा ताजे व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून सलग दोन दिवस जोरात पळू नये. आजारी माणसाच्या उशाशी रात्र जागवली असेल, तर त्या सकाळी जोराचा सराव नकोच. अर्धा तास चालून यावं. तो दिवसही सरावातच जमा होतो.

गुडघ्यांची भीती

'गुडघे झिजतील' हे वाक्य प्रत्येक ज्येष्ठ धावकाने नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइस आणि सहकाऱ्यांनी १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावकांची ४२३ न धावणाऱ्यांशी तुलना केली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९ वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले होते, धावकांपैकी १५ टक्के. कपडे घालणं, उठणं-बसणं, चालणं यांतल्या अडचणीही धावकांना बऱ्याच उशिरा आल्या. त्याच गटातल्या काही जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे जवळपास दोन दशकं काढले गेले. संधिवाताचं प्रमाण धावकांमध्ये जास्त आढळलं नाही.

अर्थात, धावायला लागणारी माणसं मुळातच अधिक निरोगी असू शकतात, ही अशा अभ्यासांची मर्यादा आहे. ज्यांचा गुडघा आधीच सुजतो किंवा ज्यांना जुनी दुखापत आहे, त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारूनच धावावं. पण निरोगी गुडघ्याच्या माणसाला केवळ वयाकडे बोट दाखवून घरी बसवायला या अभ्यासात आधार सापडत नाही.

जपायचं ते हृदय

गुडघ्यांची चर्चा फार होते, हृदयाची कमी. पस्तिशीनंतर व्यायाम करताना अचानक येणाऱ्या मृत्यूंमागचं प्रमुख कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे हे असतं. म्हणून उशिरा धावायला लागणाऱ्यांनी, तसंच मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, नेहमीच्याच वेगाला अचानक लागणारी धाप यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबावं. 'ही फेरी पूर्ण करतो' म्हणू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नये. २२० मधून वय वजा केलं की पासष्टीच्या माणसाचे जास्तीत जास्त ठोके १५५ येतात. दुसऱ्या एका प्रचलित सूत्राने ते १६२ च्या आसपास येतात, आणि माणसामाणसांत आणखी दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके गोळीमुळेच कमी राहतात. त्यापेक्षा साधी खूण बरी: रोजच्या धावेत शेजाऱ्याशी सलग वाक्यं बोलता आली पाहिजेत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि गोळीच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

वेळापत्रक कुणाचं?

आता मूळ अडचणीकडे येऊ. माझ्या परिचयातल्या एक बाई ६३ वर्षांच्या आहेत. घरी नव्वदीच्या सासूबाई, त्यांच्यासाठी रात्रीतून दोनदा उठावं लागतं. साडेसातला नातीची स्कूल व्हॅन येते. बाई साडेपाचला सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारतात. कमरेच्या पट्ट्यात मोबाइल असतो, त्याचा आवाज पूर्ण मोठा केलेला. ग्रुप रविवारी टेकडीवर जातो, तेव्हाही त्या आवारातच पळतात, कारण हाक आली तर पाच मिनिटांत घरात पोचता आलं पाहिजे. मुलगा एकदा म्हणाला, "आई, आता पुरे कर. पडलीस तर कोण बघणार?" त्या बूट काढत म्हणाल्या, "पडू नये म्हणूनच जाते ना रे."

त्यांच्या त्या फेऱ्यांना कुणी कमी लेखू नये. कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ साली, ७३व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचा सराव घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या वाटेवर फेऱ्या मारून झालेला होता. घराजवळ, तीच वाट, रोज: जबाबदारी असलेल्या माणसासाठी ही पद्धत उत्तम आहे.

मुलाची काळजीही खरी आहे. तिचं उत्तर मनाईत शोधण्यापेक्षा सोयीत शोधावं. उजेडाची, सपाट वाट निवडावी. फोनवरून ठिकाण घरच्यांना दिसेल अशी सोय करावी. नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहिलेलं कार्ड खिशात असावं. शक्य असेल तर सोबत असावी.

पण सर्वांत मोठी सोय वेळेची, आणि ती एकट्या धावणाऱ्याच्या हातात नसते. निवृत्त पुरुष पळायला गेला तर परत येईपर्यंत चहा आणि नाश्ता तयार असतो. त्याचं धावणं घराने गृहीत धरलेलं असतं. बाईने तोच तास घ्यायचा, तर आधी डबे, आधी औषधं, आधी सगळ्यांची सोय. हे बदलायला हवं. सासूबाईंजवळ सकाळी तासभर मुलगा बसू शकतो, नातीचा डबा तिचे आई-बाबा भरू शकतात. ज्येष्ठ पुरुष धावकांनीही आपला हिशेब बघावा. रविवारी तीन-चार तास आपण लांबच्या धावेला जातो, तेव्हा आजारी माणसाजवळ एकटं कोण असतं? तिला तिचा तास कधी मिळतो?

आठवडा कोलमडतोच. कुणाचं ऑपरेशन निघतं, कुणाच्या परीक्षा असतात, केअरटेकर न सांगता सुट्टी घेते. अशा वेळी आठ-दहा दिवस बुडाले म्हणून फार काही बिघडत नाही. तीन-चार आठवडे काहीच केलं नाही, तर मात्र दम कमी झालेला जाणवतो आणि उतारवयात तो परत मिळवायला जास्त दिवस लागतात. म्हणून अडचणीच्या काळात सराव बंद करू नये, कमी करावा. वीस मिनिटांच्या दोन धावा आणि घरातल्या घरात उठाबशा एवढं राखलं, तरी पाया टिकतो.

धावणं कुणासाठी?

बारामतीजवळ राहणाऱ्या लता करे यांचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या या बाई पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावरच्या 'लता भगवान करे' या चित्रपटात त्यांनी स्वतःच काम केलं. ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखलही घेतली गेली. त्यांच्या जिद्दीला वंदन करताना एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी: उपचारांच्या पैशासाठी कुणालाही धावावं लागू नये. त्या वयात त्या घरच्या माणसासाठी धावल्या. आपल्या घरातल्या साठीच्या माणसांना स्वतःसाठी धावता यावं, एवढं तरी आपल्याला करता येईल.

यात घराचा त्याग नाही. दुसऱ्याला उचलून बसवणाऱ्या पाठीला, रात्री उठणाऱ्या पायांना ताकद लागतेच. जो आज आईला सांभाळतो आहे, त्याला पुढची वीस वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहायचं आहे. त्याचं आरोग्य ही अख्ख्या घराची गरज आहे.

तेव्हा येत्या रविवारी, सगळे घरी असताना, हे ठरवून टाका. आठवड्यातल्या कोणत्या तीन सकाळी आई किंवा बाबा बाहेर पडतील, त्या तासात औषधं कोण देईल, दूध कोण तापवेल, आजीजवळ कोण बसेल, ते नावांसकट कॅलेंडरवर लिहा. आणि त्या तीन सकाळी त्यांना काम सांगू नका.