बेस वाजवायचाय? आधी ‘खाली’ शिका

लग्नाची वरात चौकात आली की घरातल्या भांड्यांनाही कंप सुटतो. लांबून गाणं कोणतं ते कळत नाही, नुसतं धम्म धम्म ऐकू येतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी ‘बेस’ म्हणजे एवढंच, छातीवर आदळणारा आवाज. त्यामुळे कॉलेजातल्या एखाद्यानं गावच्या भजनी मंडळात ‘बेस गिटार घेऊन येऊ का?’ असं विचारलं, की म्हातारी मंडळी आधी हात जोडतात. “पोट्टेहो, इथं तरी राहू द्या बाप्पा!”

त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण बेसची दुसरीही एक जात आहे. ती ओळखायला थोडं लांब जाऊ, थेट आयर्लंडला.

तिथलं पारंपरिक संगीत आपल्या भजनाच्या बरंच जवळचं आहे. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, हवेच्या पिशवीवर वाजणारे ‘पाइप्स’ असे सगळे मिळून एकच चाल वाजवतात, जशी आपल्याकडे सगळं मंडळ एकच चाल गातं. बऱ्याच चालींचे सूर तर आपल्या खमाज आणि काफी थाटाचे. तालासाठी ‘बौरान’ असतो. लाकडी कड्यावर ताणलेलं बकरीचं कातडं आणि वाजवायला छोटी काठी. आपली खंजिरी आठवली ना? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) विदर्भाच्या गावागावात पोहोचवली ती. तिची ही मोठी बहीण समजा, फक्त बिनझांजांची.

या मंडळीत नंतर आला डबल बेस. माणसाएवढं किंवा त्याहून उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं दिसणारं, चार जाड तारांचं वाद्य. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरवर हा सूर जवळपास गायब होतो, म्हणून ऐकताना इयरफोन लावा. क्लेअर परगण्यातला ‘किल्फेनोरा केली बँड’ 1909 पासूनचा, तुकडोजी महाराजांच्या वयाचा. नाचासाठी वाजवणाऱ्या अशा बँडमध्ये पियानो, ड्रम आले, डबल बेसही आला. सगळ्यांना ते रुचलं असं नाही. 1960च्या दशकात संगीतकार शॉन ओ रिआदा यांनी केली बँडवर चांगलीच तिखट टीका केली होती. म्हणजे ‘इथं तरी राहू द्या’ म्हणणारे तिकडेही होते.

मग 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लूनासा’ हा बँड आला. त्यात बासरी, फिडल, पाइप्स आणि खाली गिटार व डबल बेस. बेसवर ट्रेव्हर हचिन्सन, आधी ‘वॉटरबॉईज’ या रॉक बँडमध्ये वाजवलेला माणूस. बँडमध्ये ड्रमर नाही, तरी चाल पळते, कारण तिला खालून ढकलणारं कोणीतरी आहे. आणि गंमत म्हणजे बेस एकदम समोर येत नाही. लक्ष वरच्या चालीकडेच राहतं.

हे सोपं का नाही, ते घरच्या घरी तपासून बघा. हार्मोनिअमवर तुमचा ‘सा’ दाबून धरा. त्याखाली मंद्र सप्तकातला ‘सा’ दाबा. घरी आल्यासारखं वाटेल. आता खालचा सोडून मंद्र शुद्ध ‘ध’ दाबा. वरचा ‘सा’ तोच, पण उदास झाला. मग मंद्र शुद्ध ‘म’. तोच ‘सा’ आता मोकळा, ऐसपैस. वरचा सूर हललाच नाही, तरी त्याचा चेहरा तीनदा बदलला. बेसची खरी ताकद ही आहे, आवाजाची नाही. वीणेकरी आणि पेटीवाले ज्या ‘सा’वर सगळं भजन उभं करतात, तो ‘सा’ बेसवाला एका चुकीच्या बोटानं हलवू शकतो. बुवा का घाबरतात, ते इथं कळतं.

खरं तर आपल्याकडे बेस आधीपासून आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते, तेव्हा दिंडीतला मृदंग नीट ऐका. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात ती कशासाठी? पुडीचं वजन वाढून सूर खाली उतरावा, घुमारा यावा म्हणून. कणीक किती लावायची, ते वादक कानानं ठरवतो. हा झाला आपला बेस इंजिनिअर!

आणि बेस कधी काढून घ्यायचा, हेही आपल्या परंपरेला ठाऊक आहे. तबल्यावर साधा केरवा ऐका: धा गे ना ती, न क धी न. पहिल्या भागात डग्गा घुमतो. पाचव्या मात्रेला, ‘न क’ला, तो गप्प होतो आणि ‘धी’ला परत येतो. त्या गप्प जागेला आपण ‘खाली’ म्हणतो. घुमारा मध्येच थांबतो म्हणून तर तो परत आल्यावर मान डोलते. डीजेच्या बेसला बहुधा ही खालीच नसते.

‘पण बेस गिटार आपली नाही ना?’ असं कोणी म्हणेल. हार्मोनिअम तरी कुठं आपली होती? ती युरोपातून आली, आज तिच्याशिवाय भजनाला बसणं जमत नाही. आयरिश संगीतातलं बुझुकीही 1960च्या दशकात ग्रीसकडून आलं आणि तिथलंच झालं. मुंबईत ‘अभंग रिपोस्ट’सारखे बँड गिटार-बेसवर अभंग गातातच. वाद्य कुठलं, हा प्रश्न मागे पडतो. ते ऐकून घेतंय का, हा उरतो.

तेव्हा तुमच्याकडे बेस गिटार असेल आणि गावात भजनी मंडळ असेल, तर पहिले काही आठवडे गिटार घरीच ठेवा. टाळ घेऊन मागे बसा. चाल पाठ करा, बुवा श्वास कुठं घेतात ते बघा. मग विचारा. परवानगी मिळाली तर सुरुवातीला फक्त ‘सा’ आणि ‘प’. मृदंगाचा डावा हात घुमतो तिथं आखूड सूर द्या, लांबवू नका, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत कालवतील. खालीला हात उचला. अ‍ॅम्प्लिफायर इतकाच ठेवा की शेजारच्याचा टाळ ऐकू येईल.

शेवटी एक परीक्षा. एकच अभंग मोबाइलवर दोनदा रेकॉर्ड करा, एकदा बेसशिवाय, एकदा बेससह. इयरफोन लावून दोन्ही बुवांना ऐकवा. दुसऱ्या वेळी अभंगाचा एक जरी शब्द कमी ऐकू आला, तर चूक तुमची. पुढच्या गुरुवारी परत टाळ घेऊन बसायचं.