तलाव खोदला, गाळ कोण काढणार?

आमच्या भंडारा जिल्ह्यात कुणी नवे कॉलेज किंवा विद्यापीठाचे उपकेंद्र मागितले, की दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "झालेच पाहिजे." दुसरा म्हणतो, "सरकारजवळ पैसा कुठे आहे जी?" दोघेही मनापासून बोलत असतात. पण हा पैसा नेमका कशावर लागतो, किती वर्षे लागतो आणि शेवटी कुणाच्या खिशातून जातो, हे सहसा कुणी सांगत नाही. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, कविता लिहिणारा आहे. पण घरखर्चाची वही आपल्या सगळ्यांच्याच घरात असते. तेवढ्या शहाणपणावर आज हा हिशेब मांडतो.

हिशेब समजून घ्यायला दूर जायला नको. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजवटीत कोहळी समाजातल्या जाणकारांनी हे तलाव बांधले. पुढे मालगुजार त्यांची देखभाल करीत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी तलावांचे 'मामा तलाव' झाले. तलाव खोदण्याचा खर्च एकदाच होतो. गाळ काढणे, पाळ सांभाळणे, पाणी सोडण्याचे दार दुरुस्त ठेवणे हा खर्च मात्र कायमचा. तो थांबला की तलाव दिसायला तलावच राहतो, पण धानाच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचत नाही. कॉलेजचेही तसेच आहे.

विद्यापीठ लोकांच्या जवळ नेण्याची मागणी विदर्भात जुनी आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याच्या क्षेत्रातून १९८३ साली अमरावतीचे विद्यापीठ वेगळे झाले, २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ. तिकडे मराठवाड्यात विद्यापीठाने २००४ साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, उपकेंद्र काढले. भंडारा मात्र नागपूरशी जोडलेला राहिला. नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर, मग वेगळे कशाला, असे म्हटले जाते. पण हे अंतर भंडारा शहराचे झाले. लाखांदूर तालुक्यातल्या आतल्या गावाहून निघालेल्या मुलीला ते लागू पडत नाही.

आता खर्चाकडे येऊ. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र सरकारने उच्च शिक्षणात मागे राहिलेल्या ३७४ जिल्ह्यांसाठी प्रत्येकी एका मॉडेल कॉलेजची योजना आणली. एका कॉलेजचा भांडवली खर्च ८ कोटी रुपये धरला होता. त्यातला एक तृतीयांश, फार तर २ कोटी ६७ लाख, केंद्र देणार. बाकीचा भांडवली खर्च राज्याचा, आणि पुढे दरवर्षी येणारा सगळा खर्चही राज्याचाच. म्हणजे खोदायला मदत, गाळ तुमचा तुम्ही काढा.

हा गाळ किती? सातव्या वेतन आयोगानुसार नव्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये आहे. एखाद्या लहान शाखेत दहाच प्राध्यापक धरा. त्यांचे नुसते मूळ वेतन वर्षाला ६९ लाखांच्या वर जाते. महागाई भत्ता मिळवला की आकडा कोटीच्या पलीकडे. अजून यात कारकून नाही, ग्रंथपाल नाही, प्रयोगशाळेतले रसायन नाही, विजेचे बिल नाही. इमारतीसाठी त्या काळी धरलेले ८ कोटी आजच्या पगारात सात-आठ वर्षांत संपतात. प्राध्यापकाची नोकरी मात्र तीस वर्षांची असते.

म्हणून भूमिपूजन सोपे आणि पदमंजुरी अवघड. इमारतीवर पाटी लागते, पगारपत्रकावर कुणाची पाटी लागत नाही. सरकारनेही हा भार ओळखून २००१ पासून नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदानित तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण धरले. भार कमी झाला असे वाटले. खरे तर तो पालकांच्या फीवर आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणांच्या पोटावर गेला. जुन्या अनुदानित महाविद्यालयांतही निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. वर्ग आहे, फळा आहे, मास्तर तासावर.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. शाखेत साठ विद्यार्थी असोत की सहाशे, प्राचार्य एकच लागतो, ग्रंथालय एकच लागते. विद्यार्थी कमी तर दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी, मोहाडी येथे महाविद्यालये आहेतच. ती काही आभाळातून पडली नाहीत. मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते. अशा संस्थांनी कॉलेजे उभी केली, पुढे शासनाच्या वेतन अनुदानाने ती टिकली. त्यांच्याच शेजारी तोच बी.ए., तोच बी.कॉम. घेऊन नवी शाखा उघडली, तर दोन्हीकडचे बाक अर्धे रिकामे राहतील आणि खर्च मात्र दुप्पट होईल.

मग कॉलेज नकोच का? इथे मला घरची गोष्ट सांगावी लागते. मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झालो. धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार. तिला विज्ञान शिकायचे होते, आणि ते जवळ नव्हते. अब्बा शिक्षणाच्या विरोधात नव्हते. संध्याकाळची शेवटची बस चुकली तर पोरगी कुठे राहील, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्या कुणाजवळ नव्हते. ती बारावीवर थांबली. सरकारचा त्या वर्षी एक पैसाही खर्च झाला नाही. पण तो खर्च झालाच नाही, असे मी कसे म्हणू? तो तिने केला, आणि अजून करते आहे.

आज ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण बारावीपर्यंत. पुढे मासिक पासात सवलत आहे, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ही मदत मोठीच आहे. पण जिथे मोफत पास संपतो, तिथूनच कॉलेजचा रस्ता लांबतो. शाखा न उघडण्याचा खर्च असा घराघरात वाटला जातो: नागपूरची खोली, मेस, गहाण पडलेली बांधी, थांबलेली मुलगी. तो कोणत्याच अंदाजपत्रकात छापला जात नाही, म्हणून तो नसतो असे नाही.

मधला रस्ता आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू महाविद्यालयाच्याच इमारतीत, स्थानिक उद्योगांशी सांगड घालून कौशल्याचे अभ्यासक्रम चालवायचे, अशी ती कल्पना. आपल्याकडे भंडाऱ्याचे पितळकाम आहे, कोसा आहे, धानाच्या गिरण्या आहेत, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत. जे जिल्ह्यात शिकवले जात नाही ते आधी आणा, शक्य तिथे आहे त्याच छपराखाली आणा. वाचलेला पैसा मास्तरांच्या पगाराला आणि मुलींच्या वसतिगृहाला लावा.

यापुढे कुणी नव्या शाखेची घोषणा केली, तर टाळ्या जरूर वाजवा. पण तीन गोष्टी विचारा. पदे किती मंजूर झाली? दहाव्या वर्षी पगार कोण देणार? आणि शेवटच्या गावातली मुलगी सायंकाळी घरी कशी पोहोचणार? ही उत्तरे मिळाली तर खर्च कितीही असो, तो आपलाच समजून करू. बहिणीची मुलगी यंदा बारावीला आहे. तिला विज्ञानच घ्यायचे आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)