विजेची मालवाहू सायकल : खरेदीपूर्वीचा हिशेब

पहाटेच्या अंधारात कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तालुक्याच्या गावाकडे निघालेली सायकल हे महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील एक परिचित दृश्य होते. पुढे तिची जागा बऱ्याच ठिकाणी मोपेडने घेतली. पेट्रोलचा खर्च वाढत गेला तसा छोट्या विक्रेत्यांपुढे आता तिसरा पर्याय येऊ लागला आहे, तो म्हणजे विजेच्या मोटारीची जोड असलेली आटोपशीर मालवाहू सायकल. बचत गट, दूध उत्पादक, भाजीविक्रेते यांच्याकडून या वाहनाविषयी ग्रामपंचायतीत आणि पतसंस्थेत विचारणा होते, तेव्हा उत्साहापेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. कारण अशा कुटुंबाची सारी शिल्लक अनेकदा या एकाच खरेदीत गुंतते.

मालवाहू सायकल ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये पुढे लांब फळी असलेल्या सायकली गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात आहेत आणि कोपनहेगन शहरात १९८४ पासून ख्रिस्तियानिया या नावाची तीनचाकी मालवाहू सायकल प्रसिद्ध आहे. या सायकलींची अडचण त्यांचा आकार ही होती. जिन्याखाली, वाड्याच्या बोळात किंवा चाळीच्या गॅलरीत त्या मावत नाहीत. तैवानमधील टर्न या कंपनीने २०१७ मध्ये जी विजेची मालवाहू सायकल आणली तिची लांबी सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे साध्या सायकलीइतकीच, होती. चाके २० इंचांची ठेवल्यामुळे माल जमिनीलगत राहतो, तोल सांभाळणे सोपे जाते आणि लहान चाक भाराखाली सहसा वाकत नाही. याच धर्तीच्या सायकली आता अनेक कारखाने बनवितात. लहान चाकाचा तोटाही लक्षात घेतला पाहिजे. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते त्यात लहान चाक आत उतरते. पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर ही बाब गौण नाही. रुंद टायर आणि जाड आरे नसतील तर अशी सायकल गावासाठी घेऊच नये.

वजनाच्या आकड्याविषयीही गैरसमज होतो. टर्नच्या त्या सायकलीची मर्यादा २०० किलो असल्याचे सांगितले जाई. परंतु हे एकूण वजन होय. त्यातून सायकलीचे तीसेक किलो आणि स्वाराचे साठ-पासष्ट किलो वजा केले की मालासाठी शंभर-एकशेपाच किलो उरतात. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोचे असते, म्हणजे तीन सिलिंडरांतच ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. स्वस्त सायकलींची मर्यादा याहून बरीच कमी असू शकते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा एकूण वजनाचा आहे की केवळ मालाचा, हे लेखी विचारून घ्यावे.

मोटार किती मदत करते

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटारीची तीस मिनिटांची कार्यशक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, आणि ज्याची तपासणी मान्यताप्राप्त संस्थेने केली आहे, ते वाहन मोटार वाहन समजले जात नाही. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशी एक तपासणी संस्था आहे. या वाहनास नोंदणी, परवाना व मोटार वाहनाचा विमा लागत नाही. वाहन चालविण्याचा परवाना नसलेल्या महिलांच्या बचत गटाला ही सवलत मोलाची ठरते. मात्र काही ठिकाणी अधिक शक्तीची मोटार बसवून किंवा वेगाची मर्यादा काढून टाकून सायकल विकली जाते. अशी सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी मोटार वाहन ठरते आणि अपघात झाल्यास त्याची झळ घेणाऱ्यालाच लागते. कर्जाच्या अर्जासोबत तपासणीचे प्रमाणपत्र मागणे हा यावरील सोपा उपाय आहे.

अडीचशे वॅट ही शक्ती थोडी वाटते. पण तिचा अर्थ चढावर कळतो. सायकल, स्वार आणि माल मिळून दीडशे किलो वजन आहे असे समजू. वीस फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटर वेग राखण्यास सुमारे २५० वॅट लागतात. निरोगी माणूस दीर्घकाळ फार तर शंभरेक वॅट देऊ शकतो. मोटार नसेल तर त्याचा वेग ताशी चार किलोमीटरवर येतो, म्हणजेच उतरून ढकलत चालण्याइतका. मोटार जोडीला असेल तर तो चढ बसूनच पार होतो. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर मात्र माणूस आणि मोटार दोघे मिळूनही साडेसातच्या आसपासच वेग मिळतो. चाकाच्या तुंब्यात बसविलेली मोटार अशा चढावर लवकर तापते. पायट्याजवळ बसविलेली मोटार सायकलीच्या गिअरचा लाभ घेते, पण साखळी आणि दातेरी चक्र लवकर झिजविते. सह्याद्रीच्या पायथ्याशी किंवा कोकणातील वाडीवस्तीवर सायकल वापरायची असेल तर हा फरक किमतीच्या फरकापेक्षा महत्त्वाचा आहे. उतारावर मोटारीचा काहीच उपयोग नसतो. तेथे केवळ ब्रेक. दीडशे किलोचा भार साध्या रबरी ठोकळ्यांच्या ब्रेकवर सोपविणे धोक्याचे असून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असणे आवश्यक मानावे.

पैशाचा हिशेब

या वाहनाची जाहिरात ‘काही पैशांत एक किलोमीटर’ अशी केली जाते. विजेपुरते ते खरेच आहे. अर्धा युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी भरावयास चार्जरमधील घट धरून सुमारे ०.६ युनिट वीज लागते. युनिटला आठ रुपये दर धरला तर ४ रुपये ८० पैशांत माल घेऊन सुमारे ३५ किलोमीटर जाता येते. प्रति किलोमीटर खर्च १४ पैसे.

खरा खर्च विजेच्या मीटरवर दिसत नाही; तो बॅटरीच्या झिजेत असतो. बॅटरी ६०० वेळा भरता येईल आणि नवी घेण्यास २०,००० रुपये लागतील असे धरले, तर २१,००० किलोमीटरमागे २०,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला ९५ पैसे बाजूला टाकावे लागतात. वीज आणि बॅटरी मिळून हा खर्च १ रुपया ९ पैसे होतो. ओझे घेऊन लिटरला ५० किलोमीटर चालणाऱ्या मोपेडचा खर्च, पेट्रोल १०५ रुपये धरल्यास, २ रुपये १० पैसे येतो. फरक एक रुपयाचा. रोज ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस फिरणाऱ्या दूधवाल्याची यात वर्षाला सुमारे ९,००० रुपये बचत होते. नवे वाहन घ्यायचेच असेल आणि दोन्हींची किंमत सारखीच असेल, तर सायकलीची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. परंतु चालू स्थितीतील मोपेड दारात उभी असताना ५०,००० रुपये खर्चून ही सायकल घेतली, तर ती रक्कम भरून येण्यास साडेपाच वर्षे लागतील. ती खरेदी करण्याची घाई नसावी.

रोज आठच किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा निघतो. बॅटरी वापरली नाही तरी वयाने क्षीण होते. तिचे आयुष्य पाच वर्षे धरले तर तेवढ्या काळात १२,००० किलोमीटरच अंतर कापले जाईल आणि बॅटरीचाच खर्च किलोमीटरला १ रुपया ६७ पैसे पडेल. विजेसह १ रुपया ८१ पैसे. मोपेडच्या तुलनेत फायदा नाममात्र उरतो. कमी वापरणाऱ्याला स्वस्त पडेल अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गोव्यातील पोदेराचे उदाहरण घेता येईल. त्याच्या डालग्यातील पाव जागा अडवितो, वजन फारसे करीत नाही. सपाट रस्त्यावर दोन-तीन वाड्यांचाच फेरा असेल तर त्याला साधी सायकल पुरेशी आहे.

साध्या सायकलीवरून थेट या वाहनाकडे येणाऱ्याची पेट्रोलमध्ये काहीच बचत होत नसते. त्याने ५०,००० रुपये पाच वर्षांच्या १,५०० कामाच्या दिवसांवर विभागले तर रोजचे ३३ रुपये होतात; ३० किलोमीटरची वीज आणि बॅटरीची झीज आणखी ३३ रुपये. कर्जावरील व्याज वेगळे. रोज सत्तरेक रुपयांचा जादा नफा, मग तो एखाद्या अधिक फेरीतून असो की दूरच्या वस्तीवरील नव्या गिऱ्हाइकांकडून, मिळण्याची खात्री असेल तरच कर्ज काढावे. गुडघे आणि कंबर यांना मिळणारा आराम या बेरजेत धरलेला नाही, आणि पन्नाशीच्या विक्रेत्याला तोच सर्वांत मोठा लाभ वाटू शकतो.

वरील दर गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे आकडे घालून पाहावे. त्यासाठी आधी पंधरा दिवस रोजचे अंतर, मालाचे वजन आणि वाटेतील चढ वहीत टिपून ठेवावेत. नंतर विक्रेत्याकडून सायकल मागून घेऊन नेहमीच्या ओझ्यासह नेहमीच्याच वाटेवर चालवून पाहावी. दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावरील रिकामी फेरी काहीही सांगत नाही.

बॅटरी काढून घरात नेता येते का, हेही पाहावे. उन्हातून आल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, चार्जर मूळचाच वापरावा आणि झोपण्याच्या जागेजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेत चार्जिंग करू नये. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असली तरी दहा-बारा किलोंची असते आणि लवकर निकामी होते. पावसाळ्यात जोडण्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारून सायकल धुण्याची सवय सोडावी लागेल.

शेवटी दुरुस्तीचा प्रश्न. पंक्चर गावातला सायकलवाला काढील. मोटार आणि नियंत्रक यांचे काम त्याच्या आवाक्यातले असेलच असे नाही. बॅटरी दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईस पाठवावी लागणार असेल तर ती किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि पहिले वर्षभर तरी जुनी सायकल विकू नये.