जुने कूलंट: बाटलीत नको, गटारातही नको

उन्हाळा तोंडावर आला की टेम्पो, टॅक्सी, शाळेची व्हॅन, ट्रॅक्टर चालवणारे आपले बांधव रेडिएटरकडे लक्ष देऊ लागतात. गाडी गरम होऊ नये म्हणून जुने कूलंट काढून नवे भरतात. गॅरेजची मजुरी वाचावी म्हणून हे काम पुष्कळदा घरासमोर, गल्लीतच उरकले जाते. नवे कूलंट कोणते घ्यावे याची चर्चा होते, पण काढलेले चार-सहा लिटर जुने कूलंट कुठे गेले हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते समोरच्या गटारात ओततात, नाहीतर "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतात. या दोन्ही सवयी जिवावर बेतू शकतात, म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

कूलंटमध्ये असते काय?

बाजारातल्या बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन आणि पाणी असते. गाडीत दोन्हींचे प्रमाण अनेकदा निम्मे-निम्मे असते. गंज लागू नये म्हणून त्यात आणखी काही रसायने आणि ओळखण्यासाठी हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा रंग घालतात. एथिलीन ग्लायकॉलला रंग नाही, उग्र वास नाही, आणि चव गोड आहे. सगळा धोका या गोड चवीत आहे. रॉकेल तोंडात गेले तर मूल थुंकून टाकते. कूलंट मात्र सरबतासारखे गिळते. कुत्री, मांजरे, शेळ्याही जमिनीवर सांडलेले चाटतात आणि मरतात.

वापरलेले कूलंट नव्यापेक्षा अधिक घाण असते. इंजिनात फिरताना त्यात तांबे, जस्त, लोखंड आणि जुन्या रेडिएटरच्या डाखातले शिसे उतरते. काही कूलंटमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. ते कमी विषारी आहे, पण वापरून झाल्यावर त्यातही हे धातू असतातच. तेव्हा डब्यावर काहीही छापलेले असो, जुने कूलंट विष समजूनच हाताळावे.

पोटात गेले तर

शुद्ध एथिलीन ग्लायकॉल दर किलो वजनामागे सुमारे दीड मिलीलीटर एवढेही प्राणघातक ठरू शकते. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत हे प्रमाण चहाचे तीन चमचे भरते. निम्मे पाणी मिसळलेले असेल तर सहा चमचे. त्याहून कमी मात्रेनेही मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. झोकांड्या जातात, बोबडे बोलतो, उलट्या होतात, गुंगी येते. पण तोंडाला दारूचा वास नसतो. घरचे "झोपू दे, उतरेल" म्हणतात, आणि कधी कधी मधे थोडे बरेही वाटते. तेवढ्या वेळात यकृत त्या रसायनाचे आम्लांत रूपांतर करत असते. पुढे श्वास जोरात चालू लागतो, हृदयावर ताण येतो. शेवटी ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबते.

म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. कूलंट प्यायल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन करा किंवा डायलिसिसची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठा. बाटली किंवा डबा सोबत न्या आणि "गाडीचे कूलंट प्यायले आहे" असे पहिल्या वाक्यात सांगा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. या विषावर वैद्यकीय मद्यार्काचा उपचार होतो हे ऐकून काहीजण घरीच दारू पाजतात. तसे मुळीच करू नका. तो उपचार रक्त तपासत, मोजून, रुग्णालयातच करायचा असतो. फोमेपिझोल नावाचा चांगला उतारा आहे, पण तो आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यामुळे वेळेवर पोहोचणे हाच आपला मोठा आधार आहे. डोळ्यांत उडाले तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटे डोळे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बाटलीत काय आहे, हे कळले पाहिजे

ग्लायकॉलच्या जातीतले विष महाराष्ट्राला नवे नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले आणि 14 रुग्ण दगावले. त्या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या लहान मुलांना खोकल्याच्या औषधातून तेच रसायन गेले. मूत्रपिंडे निकामी झालेली त्यातली अनेक मुले उपचारांसाठी नागपुरात आणली गेली होती. डायएथिलीन ग्लायकॉल हे कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलचे भावंड आहे. दोन्ही मूत्रपिंडावर घाला घालतात. त्या दोन्ही घटनांत आई-बापांच्या आणि परिचारिकांच्या हातातली बाटली औषधाचीच दिसत होती. आत दुसरेच काही आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

औषधाच्या कारखान्यावर नजर ठेवणे सरकारचे काम आहे. घरातली बाटली मात्र आपल्या हातात आहे. आम्हा परिचारिकांना शिकवलेला एक साधा नियम आहे: नाव नसलेली बाटली वापरायची नाही, आणि औषध बाटलीतून काढून दुसऱ्या बाटलीत ठेवायचे नाही. हाच नियम गाडीच्या सामानाला लावा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कूलंट कधीही भरू नका. उन्हातून आलेले पोर ती बाटली उघडून तोंडाला लावणारच.

उलट्या बाजूचा धोकाही तेवढाच आहे. आपल्या वस्त्यांत नळाला पाणी तासभर येते, कुठे टँकर येतो, म्हणून रिकामा डबा कोणी फेकत नाही. कूलंटचा पाच किंवा वीस लिटरचा डबा धुऊन पाण्याला लावला जातो. असे करू नका. डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने चार-पाच भोके पाडा, म्हणजे पुढे कोणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही. भंगारवाल्याला आणि कचरा वेचणाऱ्या ताईंनाही तो डबा कशाचा आहे ते सांगा.

घरी काढायचेच असेल तर

आधी पाहा की बदलण्याची खरोखर गरज आहे का. किती महिन्यांनी किंवा किती किलोमीटरनंतर बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. विनाकारण बदलले तर पैसे जातात आणि विषही वाढते. जुन्या रिक्षा आणि साध्या मोटारसायकली यांचे इंजिन हवेने थंड होते. त्यांत कूलंट नसतेच.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. गरम रेडिएटरचे झाकण उघडले की वाफेचा आणि उकळत्या पाण्याचा फवारा थेट तोंडावर येतो. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा, रबरी हातमोजे घाला आणि खाली पसरट टब ठेवा. तो टब पुन्हा कपडे-भांड्यांना वापरू नका. डिझेल काढताना तोंडाने पाइप ओढायची सवय कित्येक चालकांना असते. कूलंटच्या बाबतीत ती जिवाशी खेळ ठरेल.

नरसाळ्याने जुने कूलंट त्याच्याच मूळ डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि मार्कर पेनने मोठ्या अक्षरांत लिहा: "विष. वापरलेले कूलंट. पिऊ नये." सोबत तारीख टाका आणि कवटीचे चित्र काढा. आजीला किंवा लहान मुलाला अक्षर वाचता आले नाही तरी कवटी कळते. डबा कुलपाच्या पेटीत ठेवा; स्वयंपाकघरात किंवा मोरीत ठेवू नका.

त्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, पेट्रोल काहीही मिसळू नका. जळके ऑइल वेगळे ठेवले तर त्याच्यावर पुन्हा प्रक्रिया होऊ शकते; कूलंट मिसळले की दोन्ही वाया जातात. जमिनीवर सांडले तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाका. ती शोषली की पिशवीत भरून पिशवी डब्यासोबतच ठेवा. मगच जागा धुवा.

गटारात का नको?

"पाण्यात पाणी, जाईल वाहून," असे आम्ही अनेकदा ऐकतो. एथिलीन ग्लायकॉल जमिनीत आणि पाण्यात जंतूंमुळे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विघटन पावते, हे खरे आहे. पण तसे होताना ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते आणि मासे गुदमरतात. शिसे आणि तांबे तर विघटन पावतच नाहीत. आपल्या गल्लीतले गटार अनेकदा प्रक्रियेविना थेट नाल्याला मिळते आणि नाला नदीला. विहिरीजवळ किंवा बोअरवेलजवळ ओतले तर तेच आपल्या हंड्यात परत येऊ शकते.

आणि तुंबलेले गटार उपसायला कोण येते, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँक साफ करायला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. तरीही उघड्या हातांनी गाळ काढणारे कामगार आजही दिसतात. आपण ओतलेल्या धातूंचा गाळ त्यांच्याच हातांना लागतो.

मग द्यायचे कुठे?

पहिला पर्याय म्हणजे कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर. जुने कूलंट घेतात का ते आधी फोन करून विचारा. नाक्यावरच्या गॅरेजात बदलत असाल तर "जुने कुठे टाकता?" हा प्रश्न मिस्त्रींना जरूर विचारा.

दुसरा पर्याय आपल्या हक्काचा आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे व कीटकनाशकांचे डबे, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी संकलन केंद्रे उघडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली: शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारे प्रकल्प तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. तिथे घरटी माणूस डबा घेऊन जाऊ शकत नाही. मधला दुवा नगरपालिकेने किंवा महापालिकेने जोडायचा आहे.

एकट्याच्या चार लिटरसाठी कोणी हलत नाही. म्हणून रिक्षा-टेम्पो स्टँडवरचे चालक, महिला मंडळ आणि विहारात रविवारी जमणारी मंडळी यांनी मिळून वीस लिटरचा एक डबा करावा. त्यावर नाव लिहून तो कुलपात ठेवावा आणि वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला असा अर्ज द्यावा:

"आमच्या वस्तीत वाहनांचे वापरलेले कूलंट (अंदाजे ___ लिटर) साठवून ठेवले आहे. हा घातक कचरा असून तो गटारात ओतणे योग्य नाही. आमच्या प्रभागासाठी घरगुती घातक कचऱ्याचे संकलन केंद्र कुठे आहे, कोणत्या दिवशी व वेळी कचरा स्वीकारला जातो, हे लेखी कळवावे. केंद्र नसल्यास ते केव्हा सुरू होणार, तेही कळवावे."

अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली हेच प्रश्न पुन्हा विचारा आणि एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. केंद्र सुरू झाले की जुन्या बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट आणि कालबाह्य गोळ्यांचाही प्रश्न त्याच दारात सुटेल.

हे होईपर्यंत एक काम आजच करता येईल. घरात, गाडीच्या डिकीत, मोरीच्या फळीवर नाव नसलेली रंगीत पाण्याची बाटली असेल तर शोधा, तिच्यावर विष लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलूपबंद करा.